अण्णा भाऊ साठे

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णा भाऊ साठे (जन्म : १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, मृत्यू : १८ जुलै १९६९, गोरेगाव, मुंबई) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, लोकनाट्यकार, शाहीर आणि साम्यवादी चळवळीतील कार्यकर्ते होते. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे झाले, असे त्यांच्या अनेक चरित्रांत नमूद आहे. तरीही त्यांनी सुमारे ३५ कादंबऱ्या, शेकडो कथा, अनेक लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या व एक प्रवासवर्णन एवढे विपुल लेखन केले. १९५९ साली प्रसिद्ध झालेली 'फकिरा' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी होय. ब्रिटिश कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या समाजातील एका पुरुषाला त्यांनी या कादंबरीत नायकाचे स्थान दिले. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग मुंबईच्या पूर्व उपनगरात, पवईपासून जवळच असलेल्या घाटकोपर येथील चिरागनगर वस्तीतील झोपडीत झाला. लोकशाहीर आणि साहित्यरत्न या उपाध्यांनी त्यांचा उल्लेख केला जातो.

जन्म व बालपण

अण्णा भाऊंचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील (सध्याचा सांगली जिल्हा) वाळवा तालुक्यात वाटेगाव येथे मांग (मातंग) समाजात झाला. वडिलांचे नाव भाऊराव आणि आईचे वालुबाई. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. मांगवाडा गावकुसाबाहेर होता. दोरखंड वळणे, केरसुण्या बांधणे, हलगी वाजविणे व गावकीची पडेल ती कामे करणे, हे या समाजाच्या वाट्याला आलेले परंपरागत व्यवसाय होते.

या दारिद्र्याला कायद्याच्या जाचाची जोड होती. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे १९११ व १९२४ साली त्याची व्याप्ती वाढविली. या कायद्याखाली काही जमाती जन्मतःच गुन्हेगार मानल्या गेल्या. त्यांतील पुरुषांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. परिसरात कोठेही चोरी झाली तरी पहिला संशय त्यांच्यावरच येई. मांग समाजाला या हजेरीचा जाच सोसावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. अण्णा भाऊंचे बालपण मात्र त्याच्या छायेत गेले. पुढे त्यांच्या लेखनात हजेरी, पोलीस, पाटील आणि चावडी यांना जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

वयाने बरेच मोठे झाल्यावर त्यांना गावच्या शाळेत घालण्यात आले. तेथील जातिभेदाची वागणूक आणि शिक्षकाचा मार यांमुळे त्यांनी दुसऱ्याच दिवशी शाळा सोडली. त्यानंतर ते रानावनात रमले. दांडपट्टा, तलवार, लाठी यांचे खेळ, पशुपक्ष्यांचे निरीक्षण, जत्रांतील तमाशे, पोवाडे आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या बंडखोरांच्या हकिकती यांतून त्यांची जडणघडण झाली. वारणेच्या खोऱ्यातील बोली, तेथील माणसे आणि निसर्ग यांची ही शिदोरी त्यांना आयुष्यभर पुरली.

मुंबईत आगमन व अक्षरओळख

१९३१ च्या सुमारास दुष्काळाने हैराण झालेल्या साठे कुटुंबाने मुंबईची वाट धरली. प्रवासाला पैसे नसल्याने हे कुटुंब पायीच निघाले. वाटेत मिळेल तेथे मजुरी करीत, चार पैसे गाठीला बांधून पुढचा टप्पा गाठत, त्यांचा हा प्रवास अनेक महिने चालला.

मुंबईत अण्णा भाऊंनी कोळसा वेचणे, हमाली करणे, फेरीवाल्याचे गाठोडे वाहणे, गिरणीत मजुरी करणे अशी अनेक कामे केली. गिरणगावातील वास्तव्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे अक्षरओळख. दुकानांवरील पाट्या, सिनेमाच्या जाहिराती आणि भिंतींवरील पत्रके पाहून, जाणत्यांना विचारत विचारत ते वाचायला शिकले. दुसरी म्हणजे कामगार चळवळीची ओळख. संप, सभा, मोर्चे आणि त्यांत होणारी भाषणे यांमुळे त्यांना स्वतःच्या दारिद्र्याकडे नशिबापलीकडे जाऊन पाहण्याची दृष्टी मिळाली. ते कम्युनिस्ट पक्षाच्या कामाकडे ओढले गेले. पत्रके वाटणे, भिंती रंगविणे, सभांची तयारी करणे या कामांपासून त्यांची सुरुवात झाली.

मधल्या काळात ते वाटेगावी परतले आणि नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात सामील झाले. वाद्ये वाजविणे, गाणे, सोंगे वठविणे, वगातील संवाद आयत्या वेळी रचणे यांचे शिक्षण त्यांना या फडात मिळाले. बेचाळीसच्या आंदोलनाने सातारा जिल्हा ढवळून निघाला होता आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचा प्रभाव खेडोपाडी जाणवत होता. या वातावरणाचे पडसाद पुढे त्यांच्या 'वारणेच्या खोऱ्यात' या कादंबरीत उमटले.

मुंबईत परत आल्यावर ते माटुंगा लेबर कॅम्प या कामगार वस्तीत राहू लागले. तेथील डासांच्या उपद्रवावर रचलेले विनोदी गीत ही त्यांच्या आरंभीच्या रचनांपैकी एक मानली जाते. वस्तीतील रोजच्या त्रासाला गाण्यात बसविण्याची त्यांची हातोटी पुढेही टिकून राहिली.

लाल बावटा कलापथक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊंनी रचलेला 'स्टॅलिनग्राडचा पोवाडा' गाजला आणि शाहीर म्हणून त्यांचे नाव सर्वदूर झाले. १९४३ च्या बंगालमधील भीषण दुष्काळावर त्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा लिहिला. शिवकालापासून प्रामुख्याने वीरांच्या पराक्रमासाठी वापरला गेलेला पोवाडा हा प्रकार त्यांनी उपासमार, काळा बाजार, संप आणि गोळीबार यांसारख्या समकालीन विषयांकडे वळविला. 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा त्याचे ठळक उदाहरण आहे.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांच्या पुढाकाराने लाल बावटा कलापथक स्थापन झाले. अण्णा भाऊंची लेखणी, अमर शेख यांचा पहाडी आवाज आणि गव्हाणकर यांची शाहिरी असा दुर्मीळ संयोग या पथकात जमून आला. गिरणीच्या फाटकांपासून शेतकरी परिषदांपर्यंत पथकाचे कार्यक्रम होत. निरक्षर श्रोत्यांपर्यंत राजकीय विचार पोहोचविण्याचे ते एक प्रभावी साधन ठरले. भारतीय जननाट्य संघ अर्थात इप्टा या देशव्यापी सांस्कृतिक चळवळीशीही अण्णा भाऊंचा निकटचा संबंध होता.

तमाशा ते लोकनाट्य

पारंपरिक तमाशाची मांडणी गण, गवळण, बतावणी, वग अशी असे. अण्णा भाऊंनी या मांडणीत आशयानुसार बदल केले. गणातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक यांना वंदन केले. कृष्ण व गौळणींची शृंगारिक छेडछाड असलेली गवळण वगळली. वगाचा विषय राजेरजवाड्यांऐवजी सावकार, काळाबाजारवाले, पुढारी आणि कामगार यांच्याकडे आणला. मात्र हजरजबाबी संवाद, ढोलकीची लय आणि सोंगाड्याचा विनोद ही तमाशाची बलस्थाने त्यांनी कायम ठेवली.

'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'पुढारी मिळाला', 'बेकायदेशीर', 'लोकमंत्र्याचा दौरा', 'माझी मुंबई', 'मूक मिरवणूक' ही त्यांची लोकनाट्ये प्रसिद्ध आहेत. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावर निर्बंध आले असता तोच आशय लोकनाट्य या नावाने रंगमंचावर येत राहिला. तमाशाला सामाजिक प्रतिष्ठा आणि आधुनिक आशय मिळवून देण्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा आहे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ

मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, या मागणीसाठी झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांची कामगिरी मोलाची ठरली. या काळात अण्णा भाऊंनी रचलेली 'माझी मैना' या नावाने ओळखली जाणारी छक्कड विशेष गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार आणि गावी मागे राहिलेली त्याची पत्नी यांच्या ताटातुटीचे चित्र तिच्यात आहे. पुढे हा विरह मुंबई, बेळगाव, कारवार, डांग या प्रदेशांपासून दुरावलेल्या महाराष्ट्राचे रूपक बनतो. विरहिणीच्या लावणीचा जुना साचा राजकीय मागणीसाठी इतक्या सहजतेने वापरल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडते. 'मुंबईची लावणी' या रचनेत त्यांनी शहरातील श्रीमंती आणि कष्टकऱ्यांची हलाखी समोरासमोर ठेवली आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

चिरागनगरमधील वास्तव्य

माटुंग्यानंतर अण्णा भाऊ घाटकोपर पश्चिमेकडील चिरागनगर या झोपडपट्टीत राहू लागले. विक्रोळी, कुर्ला, पवई यांच्या सान्निध्यातील हा भाग तेव्हा कारखान्यांत, गोदामांत आणि खाणींत राबणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांनी भरत चालला होता. राज्याच्या विविध भागांतून आलेली, निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे येथे दाटीवाटीने राहत. हातभट्टीवाले, हमाल, बेकार तरुण, टाकलेल्या स्त्रिया, भटक्या जमातींची कुटुंबे, पोलिसांची नजर चुकविणारे फरारी अशा अनेकांचा त्यांच्याशी रोजचा संबंध येई. त्यांच्या 'चिरानगरची भुतं' या कथासंग्रहाचे नावच या वस्तीवरून आले आहे.

या झोपडीत अपुऱ्या उजेडात आणि आर्थिक ओढाताणीत त्यांनी अनेक कादंबऱ्या लिहिल्या. लेखन हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. त्यांची पुस्तके खपत, त्यांवर चित्रपट निघत. परंतु त्यातून मिळणारी रक्कम तुटपुंजी असे आणि घरातील ओढग्रस्त कायम राही. पत्नी जयवंताबाई या स्वतः चळवळीत सक्रिय होत्या. या काळातील लेखनात त्यांचा मोठा आधार होता.

'फकिरा'

पार्श्वभूमी

'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला ज्येष्ठ कादंबरीकार वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभली. अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केली आहे. कादंबरीचा नायक फकिरा रानोजी मांग ही कल्पित व्यक्ती नसून तो लेखकाच्या आईच्या नात्यातील पुरुष होता. ब्रिटिशांचा खजिना लुटणाऱ्या फकिराने नवजात अण्णा भाऊंसाठी ओंजळभर रुपये दिल्याची आठवण त्यांच्या घराण्यात सांगितली जात असे. वारणेच्या खोऱ्यात त्याच्या पराक्रमाच्या कथा तोंडी चालत आल्या होत्या. सरकारी दप्तरात दरोडेखोर म्हणून नोंद झालेल्या या माणसाची दुसरी बाजू लोकस्मृतीत टिकून होती. अण्णा भाऊंनी तिला कादंबरीचे रूप दिले.

कथानक

कादंबरीची सुरुवात वाटेगाव आणि शिगाव या दोन गावांतील जोगणीच्या स्पर्धेने होते. ज्या गावाकडे जोगणी असेल त्या गावाची जत्रा भरते आणि त्याचा मान वाढतो, अशी परिसरात समजूत असते. वाटेगावचा शूर रानोजी मांग शिगावच्या जत्रेतून जोगणी पळवून आणतो. जोगणी वाटेगावला मिळते. परंतु परतीच्या वाटेवर खोताच्या हातून रानोजीचा वध होतो. त्याच्या मागे वृद्ध पिता दौलती, पत्नी राधा आणि फकिरा व साधू ही मुले उरतात.

मोठा झालेला फकिरा वडिलांप्रमाणेच गावाच्या मानासाठी उभा राहतो. शिगावकरांनी जोगणी परत नेण्याचा केलेला प्रयत्न तो उधळून लावतो. गावातील शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी ही दोन्ही माणसे मांगवाड्याशी माणुसकीने वागणारी आहेत. त्यामुळे या कादंबरीतील संघर्ष एका जातीविरुद्ध दुसरी जात एवढ्यावर थांबत नाही.

पुढे दुष्काळ पडतो आणि रोगराई येते. मांगवाड्यात माणसे अन्नावाचून मरू लागतात. निवडुंग, कंदमुळे खाऊनही भागत नाही. पोराबाळांचे मरण डोळ्यांसमोर दिसत असताना फकिरा आणि त्याचे साथीदार मठकरी या धनिकाच्या धान्यावर दरोडा घालतात. लुटलेले धान्य उपाशी कुटुंबांत वाटले जाते. यानंतर सरकारचा ससेमिरा सुरू होतो. हजेरीचा जाच वाढतो आणि गावातील हितशत्रूही त्यात भर घालतात. अखेर फकिरा बेडसगावचा सरकारी खजिना लुटून ब्रिटिश सत्तेलाच आव्हान देतो.

त्याला पकडणे अशक्य झाल्यावर सरकार साऱ्या मांगवाड्याला ओलीस धरते. बायका, मुले, म्हातारी माणसे अटकेत पडतात. आपल्या माणसांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून स्वाधीन होतो. बंदुकांना न नमलेला माणूस आपल्या समाजाच्या जिवासाठी शस्त्र खाली ठेवतो, हा कादंबरीचा कळसाध्याय आहे.

वैशिष्ट्ये

कादंबरीच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. कायदा उपासमारीपासून माणसाला वाचवीत नसेल आणि उलट त्याला जन्मतःच गुन्हेगार ठरवीत असेल, तर जगण्यासाठी तो कायदा मोडणाऱ्याला काय म्हणावे, हा तो प्रश्न. लेखकाने त्याचे उत्तर भाषणातून न देता घटनांच्या क्रमातून दिले आहे. फकिरा आधी गावाचा रक्षक आहे, नंतर उपाशी माणसांचा पोशिंदा आणि शेवटी बंडखोर. त्याला दरोडेखोर करण्यात दुष्काळ, हजेरी आणि सत्ता या तिघांचा हात आहे.

अण्णा भाऊंनी फकिराला आणि मांगवाड्यातील इतर माणसांना केवळ दयेस पात्र म्हणून रंगविलेले नाही. शौर्य, दिलेला शब्द पाळणे, स्त्रियांविषयी आदर, गावाविषयी निष्ठा हे गुण त्यांच्या ठायी आहेत. राधा ही फकिराची आई सोशिक असूनही करारी आहे. फकिराचा घोडा गबऱ्या हाही वाचकांच्या लक्षात राहणारा एक सोबती आहे. निवेदन प्रमाण मराठीच्या जवळ जाणारे असून संवाद वारणाकाठच्या बोलीत आहेत. घटनांचा वेग, प्रसंगांची नाट्यमयता आणि अध्यायाच्या शेवटी ताण वाढविण्याची रीत यांवर वग व पोवाड्याचा संस्कार स्पष्ट दिसतो.

स्वागत

'फकिरा'ला १९६१ साली महाराष्ट्र शासनाचा उत्कृष्ट कादंबरीचा पुरस्कार मिळाला. १९६३ साली तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट निघाला. तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या असून अन्य भाषांत तिचे अनुवाद झाले आहेत. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही तिचा समावेश झाला आहे.

इतर कादंबऱ्या व कथा

अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांचे विषय विविध आहेत. 'वैजयंता' ही तमाशातील कलावंत स्त्रीच्या जीवनावर, 'माकडीचा माळ' ही भटक्या जमातींवर, तर 'चिखलातील कमळ' ही देवाला मुरळी सोडण्याच्या प्रथेवर आधारित आहे. 'चित्रा'मध्ये फसवणुकीने मुंबईत आणलेल्या मुलीची आणि तिच्या प्रतिकाराची कहाणी आहे. 'वारणेचा वाघ' या कादंबरीचा नायक सत्तू भोसले हा फकिराप्रमाणेच अन्यायामुळे बंडाकडे वळलेला पुरुष आहे. स्त्रीचे शील आणि स्वाभिमान यांसाठीचा तिचा लढा हा त्यांच्या अनेक कादंबऱ्यांतील समान धागा आहे.

कथाकार म्हणूनही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. 'बरबाद्या कंजारी', 'खुळंवाडी', 'कृष्णाकाठच्या कथा', 'निखारा', 'गजाआड', 'फरारी' हे त्यांचे काही कथासंग्रह होत. 'बरबाद्या कंजारी' या कथेत मुलीच्या सुखासाठी आपल्या जातपंचायतीला आव्हान देणारा बाप भेटतो. 'सापळा' या कथेत मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारणारा महारवाडा आणि गावाने त्याची केलेली कोंडी यांचे चित्रण आहे.

'स्मशानातील सोनं' ही त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली कथा मुंबईच्या उपनगरात घडते. वारणेकाठचा भीमा हा धिप्पाड तरुण पत्नी आणि लाडकी लेक नर्बदा यांना घेऊन कामाच्या शोधात मुंबईला येतो. डोंगरालगतच्या एका दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. एके दिवशी खाण बंद पडते आणि त्याच्यापुढे उपासमार उभी राहते. प्रेताच्या राखेत त्याला सोने सापडते. त्यानंतर रात्री स्मशाने उकरून मृतांच्या अंगावरील सोने काढणे हा त्याचा उद्योग बनतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेताच्या तोंडात हात घालतो आणि त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. डॉक्टरांना ती बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. पण आता पहार धरण्याजोगा हात भीमाजवळ राहिलेला नसतो.

मुंबईच्या उपनगरांतील डोंगरांच्या कडेने एके काळी दगडखाणी चालत आणि शहराच्या इमारती व रस्ते यांसाठी लागणारी खडी तेथून जात असे. या खाणींत राबणारा, आज काम असलेला आणि उद्या बेकार होणारा मजूर मराठी कथेत ठसठशीतपणे आणण्याचे श्रेय या कथेला जाते. 'फकिरा'मध्ये दुष्काळ माणसाला दरोड्याकडे नेतो, तर येथे बेकारी त्याला स्मशानाकडे नेते. भुकेपुढे माणसाला कोणती पायरी उतरावी लागते, या एकाच चिंतेची ही दोन रूपे आहेत.

वैचारिक भूमिका

अण्णा भाऊंच्या विचारांची जडणघडण मार्क्सवादी चळवळीत झाली. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता. तळागाळातील माणसे, अपुरे शिक्षण आणि श्रमाचा अनुभव या साम्यांमुळे त्यांची गॉर्कींशी तुलनाही केली जाते. त्याच वेळी जातिव्यवस्थेच्या प्रत्यक्ष अनुभवामुळे डॉ. आंबेडकरांच्या विचारांविषयीही त्यांना आत्मीयता होती. आंबेडकरांच्या निधनानंतर त्यांनी रचलेले गीत आजही जयंती उत्सवांत आणि सभांत गायले जाते. आर्थिक शोषण आणि जातीय दास्य ही एकाच साखळीची दोन कडी आहेत, अशी त्यांची धारणा त्यांच्या साहित्यातून व्यक्त होते.

१९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नसून दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तोललेली आहे, हा त्यांनी त्या भाषणात मांडलेला विचार प्रसिद्ध आहे. दलितांचे जीवन लिहिणाऱ्याने त्यांच्याशी एकनिष्ठ राहावे आणि त्यांच्या कर्तृत्वाचे दर्शन घडवावे, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे १९६० नंतरच्या दशकांत बहरलेल्या दलित साहित्याच्या प्रवाहात त्यांना पूर्वसुरींचा मान दिला जातो.

रशियाचा प्रवास

१९६१ साली अण्णा भाऊंना सोव्हिएत रशियाला जाण्याची संधी मिळाली. त्यांच्या काही रचना त्यापूर्वीच रशियन भाषेत गेल्या होत्या. मॉस्को, लेनिनग्राड, बाकू आदी शहरे त्यांनी पाहिली. या अनुभवावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. राजवाड्यांपेक्षा तेथील कामगारांची घरे, कारखाने आणि सामान्य माणसांचे राहणीमान यांकडे त्यांचे लक्ष अधिक वेधले गेले. मुंबईपर्यंत पायी चालत आलेला मुलगा तीस वर्षांनी विमानाने मॉस्कोला गेला. त्या प्रवासाचे हे वर्णन मराठीतील वेगळ्या दृष्टीचे प्रवासवर्णन मानले जाते.

चित्रपट

अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांवर पुढील मराठी चित्रपट निघाले.

• 'वैजयंता' (१९६१)
• 'फकिरा' (१९६३)
• 'टिळा लावते मी रक्ताचा' (१९६९) : मूळ कादंबरी 'आवडी'
• 'डोंगराची मैना' (१९६९) : मूळ कादंबरी 'माकडीचा माळ'
• 'मुरली मल्हारीरायाची' (१९६९) : मूळ कादंबरी 'चिखलातील कमळ'
• 'वारणेचा वाघ' (१९७०)
• 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' (१९७४) : मूळ कादंबरी 'अलगूज'

अखेरची वर्षे व निधन

आयुष्याच्या उत्तरार्धात आर्थिक विवंचना, आजारपण आणि एकाकीपणा यांनी अण्णा भाऊंना ग्रासले. पुस्तके घरोघरी वाचली जात असताना आणि चित्रपटगृहांत त्यांच्या कथांवरील चित्रपट चालू असताना लेखकाची स्वतःची हलाखी मात्र संपली नाही. १९६८ च्या सुमारास शासनाने दिलेल्या गोरेगाव येथील सिद्धार्थनगरमधील घरात ते राहावयास गेले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची ४९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, त्यांचे सहकारी शाहीर अमर शेख यांचाही मृत्यू झाला आणि लाल बावटा कलापथकाचे एक पर्व संपले.

मूल्यमापन व वारसा

हयातीत अण्णा भाऊंना वाचक आणि श्रोते उदंड मिळाले. परंतु मराठी साहित्य समीक्षेने त्यांची गंभीर दखल उशिरा घेतली. उपजीविकेसाठी वेगाने लिहावे लागल्याने त्यांच्या काही कादंबऱ्यांत प्रसंगांची पुनरावृत्ती होते, योगायोगांचा आधार घेतला जातो आणि पात्रे सुष्ट व दुष्ट अशा दोन गटांत सरळ विभागली जातात, असे आक्षेप घेतले गेले. दुसरीकडे, ज्या माणसांना मराठी कादंबरीत तोपर्यंत दुय्यम किंवा दयनीय स्थान होते त्यांना नायकत्व देणे आणि मौखिक परंपरेचे सामर्थ्य छापील साहित्यात आणणे, ही त्यांची कामगिरी सर्वमान्य झाली आहे. साहित्य अकादमीने भारतीय साहित्याचे निर्माते या मालेत त्यांच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे निवडक वाङ्मय १९९८ साली प्रकाशित केले.

मातंग व तत्सम समाजांच्या आर्थिक विकासासाठी महाराष्ट्र शासनाने १९८५ साली स्थापन केलेल्या महामंडळाला लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे नाव देण्यात आले. १ ऑगस्ट २००२ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. २०१९-२० हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये त्यांचे स्मारक उभारण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. दरवर्षी १ ऑगस्टला वाटेगाव, चिरागनगर आणि राज्यातील असंख्य वस्त्यांत त्यांची जयंती साजरी होते. मिरवणुका, व्याख्याने आणि शाहिरीचे कार्यक्रम हे तिचे प्रमुख स्वरूप असते.

निवडक साहित्य

कादंबऱ्या : फकिरा, वैजयंता, चित्रा, माकडीचा माळ, वारणेचा वाघ, वारणेच्या खोऱ्यात, चिखलातील कमळ, आवडी, अलगूज, चंदन, पाझर, मास्तर, अग्निदिव्य, रानगंगा, वैर, रूपा, संघर्ष, कुरूप, गुलाम

कथासंग्रह : बरबाद्या कंजारी, खुळंवाडी, कृष्णाकाठच्या कथा, चिरानगरची भुतं, निखारा, नवती, आबी, गजाआड, फरारी, पिसाळलेला माणूस, लाडी, भानामती

लोकनाट्ये : अकलेची गोष्ट, देशभक्त घोटाळे, शेटजींचे इलेक्शन, बेकायदेशीर, पुढारी मिळाला, लोकमंत्र्याचा दौरा, माझी मुंबई, मूक मिरवणूक, कापऱ्या चोर

पोवाडे : स्टॅलिनग्राडचा पोवाडा, बंगालची हाक, अमळनेरचे अमर हुतात्मे, पंजाब-दिल्लीचा दंगा, महाराष्ट्राची परंपरा, मुंबईचा कामगार

प्रवासवर्णन : माझा रशियाचा प्रवास